तेविसावी नोंद

वृषाली बारबोले एका जागी स्वस्थ बसलेली बार्शीत कुणी पाहिली नव्हती. एका मंगल कार्यालयाची ती व्यवस्थापक. अठरा वर्षांत तिनं हजारभर लग्नं पार पाडली, पण त्यातलं एकही धड पाहिलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की ती भटारखान्यात, अक्षता पडल्या की पार्किंगमध्ये आणि सप्तपदीच्या वेळी नवरदेवाच्या रुसलेल्या मामाची समजूत काढत जिन्यात. पायाला भिंगरी लागलेली बाई, असं तिची सासू म्हणायची आणि ते काही कौतुकानं म्हणत नव्हती.

हीच भिंगरी तिनं आकाशालाही लावली होती. महिन्यातून एकदा, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, गावाबाहेरच्या माळावर 'नक्षत्रमंडळी' जमायची. मठपती सरांनी चाळीस वर्षांपूर्वी शाळेतली सात मुलं घेऊन ती सुरू केली. त्या सातांत दोन वेण्यांची वृषालीही होती. सरांचं वय झाल्यावर तिनं सगळी व्यवस्था अंगावर घेतली आणि ती लग्नासारखी चालवली. आमंत्रणं, सतरंज्या, चहा, कुणाला पहिल्यांदा दुर्बिणीतून बघायला मिळालं नाही म्हणून धुसफूस झालीच तर त्याची मनधरणी. वऱ्हाडी काय आणि खगोलप्रेमी काय, माणूस शेवटी मानपानाचाच भुकेला, असं तिचं मत होतं.

सरांचे मात्र दोनच नियम होते आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. एक म्हणजे, काही मोजायचं असेल तर अंदाजाचा आकडा आधी ऐकायचा नाही. आणि दुसरा, दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. मंडळीच्या नोंदवहीत ही दुसरी ओळ सर लाल शाईनं लिहायला लावत. त्या लाल ओळीची किंमत दिसल्याच्या निळ्या ओळीइतकीच आहे, हे पोरांच्या मनावर ठसवायला त्यांनी ती अख्खी चाळीस वर्षं वापरली.

मग आकाशच बिघडलं. महामार्गाचे दिवे आले, पवनचक्क्यांच्या माथ्यावरचे लाल डोळे आले, आणि वर उपग्रहांची अशी वर्दळ झाली की एखादा तारा दाखवेपर्यंत तीन रेघा त्याच्यावरून जायच्या. मंडळीला दोनशे माणसं यायची, ती साठावर आली, आणि एका थंडीत एकोणीस. त्यात चहावाला धरलेला होता. त्या संध्याकाळी उरलेला चहा माळावर ओतताना वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला हे मरू द्यायचं नव्हतं.

तेव्हा तौफिक शेख मदतीला धावला. तौफिकचं मोबाईलचं दुकान होतं आणि मंडळीच्या कामात तो तिचा उजवा हात होता. त्यानं 'निरभ्र' आणला.

निरभ्र म्हणजे नेहमीच्या चष्म्यापेक्षा थोडा जाड चष्मा. काचा आरपार, कडेला दोन बारीक कॅमेरे. हे कॅमेरे आकाशाचा उजेड टिपून त्यातून गावाच्या दिव्यांचा पसारा वजा करत. आपण कुठे उभे आहोत, किती वाजलेत, कोणत्या दिशेला बघतोय यावरून समोर कोणते तारे असायला हवेत हे चष्म्याला ठाऊक असे, कारण त्याच्या पोटात पावणेदोन अब्ज ताऱ्यांची यादी होती. ताऱ्याचा पुरेसा उजेड पोचला तर तो उजळ करून काचेवर उमटवायचा आणि नाही पोचला तर यादीतून भरायचा. उपग्रहांच्या रेघा, विमानं, वटवाघळं, सगळं तो पुसून टाकी. समोरच्यानं डोकं मधे घातलं तरी आपला तारा जागचा हलत नसे. फोनचे कॅमेरे असली हातचलाखी आधीपासूनच करत होते, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. चष्मा चढवला की बार्शीच्या वर आजोबांच्या काळातलं आकाश उघडायचं, आकाशगंगेसकट.

सर एवढंच म्हणाले होते, की वृषाली, हा चष्मा आकाश दाखवत नाही, आकाशाबद्दल त्याला जे पाठ आहे ते म्हणून दाखवतो. त्यावर ती म्हणाली, सर, माणसं तरी येतील. आणि खरंच आली. दोन वर्षांत मंडळी तीनशेवर गेली. सर पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत, आणि चष्माही त्यांनी कधी घातला नाही.

त्या फाल्गुनात मात्र घोडामैदान जवळ आलं. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक धोंडा, ऐंशी किलोमीटर रुंदीचा, बरोबर रोहिणी ताऱ्याच्या समोरून जाणार होता. याला पिधान म्हणतात. धोंड्याची सावली सोलापूर जिल्ह्यावरून सेकंदाला बारा किलोमीटरच्या वेगानं पळत जाणार आणि त्या सावलीत उभ्या असलेल्याला रोहिणी काही सेकंद नाहीशी झालेली दिसणार. कुणाला किती सेकंद, हे मोजून सगळे आकडे शेजारी शेजारी मांडले, की काप जोडून पाव उभा करावा तसा त्या धोंड्याचा आकार उभा राहतो. म्हणून माणसं रांगेत हवीत, दोन-दोन किलोमीटरवर एक. बार्शीपासून वैराग आणि पुढे मोहोळच्या रस्त्यापर्यंत बावीस ठाणी, बावीस माणसं. दुर्बिणीची गरज नाही, तारा चांगला ठसठशीत. निरीक्षणं गोळा करणाऱ्या केंद्रानं ही रांग मंडळीवर सोपवली होती, कारण एवढी माणसं वेळेवर जागेवर उभी करणं दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. वृषालीला ते जमणार होतं. बावीस ठिकाणी एकाच मुहूर्ताला अक्षता टाकायच्या, एवढंच तर होतं.

चार दिवस आधी कार्यालयाच्या गच्चीवर रंगीत तालीम झाली. तालमीत सगळे सारखे हवेत, असा तिनं हट्ट धरला, तेव्हा सर म्हणाले, बरं, तुझ्यासाठी, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निरभ्र डोळ्यांवर चढवला. तौफिकच्या टॅबलेटवर प्रत्येक चष्म्याची नजर एका ठिपक्यानं दिसायची. नवख्याला 'थोडं डावीकडे' म्हणून सांगायला ती सोय होती. टॅबलेट वृषालीच्या हातात होता. सर नेहमीच्या रुबाबात हात वर करून सांगत होते, ही रोहिणी, ही कृत्तिका, हा मृगाचा बाण. हाताची दिशा अचूक होती. ठिपका मात्र कुठेच नव्हता. तो रिकाम्या आकाशात इकडून तिकडे भरकटत होता आणि एकाही ताऱ्यावर टेकत नव्हता.

तिनं टॅबलेट छातीशी धरला, कुणी बघू नये म्हणून. सरांना दिसत नव्हतं. आकाश त्यांना पाठ होतं, इतकंच.

पुढचे तीन दिवस तिच्या जिवाला घोर लागला. सरांना मधल्या अकराव्या ठाण्यावर नेमलं होतं, तिथून काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं. लग्नाच्या गडबडीत एकीकडे अडीचशे पानांचा हिशेब चालू असताना दुसरीकडे ती मनात सरांशी बोलत होती. त्यातच एकदा फोनवर तिच्या तोंडून निसटून गेलं, की सर, तुमच्या ठाण्यावर सात सेकंदांचा अंदाज आहे. मग सर म्हणाले, हे तू सांगायला नको होतंस. तिनं जीभ चावली. सरांना तिथून काढणं तिच्यानं झालं नाही.

पिधानाच्या संध्याकाळी सरांनी चष्मा परत केला. जड होतो, म्हणाले. वृषालीला उलट हायसं वाटलं. चष्मा नाही म्हणजे ठिपका नाही, आणि ठिपका नाही म्हणजे तौफिकला काही कळायचं नाही. सर रिक्षातून अकराव्या ठाण्यावर उतरले. बरोबर शारदाकाकू होत्या, सरांच्या पत्नी, हातात शाल, थर्मास आणि दशम्यांचा डबा. त्या नेहमीच असायच्या.

सात वाजून चोवीस मिनिटांनी मुहूर्त होता. वृषाली दहाव्या ठाण्यावर तौफिकजवळ उभी होती. तौफिकनं फोन तिवईवर लावून चित्रीकरण सुरू केलं होतं आणि स्वतः चष्म्यातून रोहिणीकडे बघत होता. वृषाली टॅबलेटमध्ये डोळे घालून होती. एकवीस ठिपके एकापाठोपाठ एक येऊन रोहिणीवर बसले, एकही हलला नाही. एवढी शिस्त तिनं एकाही वऱ्हाडात पाहिली नव्हती. मिनिट गेलं, दुसरं गेलं. तौफिकनं चष्मा काढला आणि मान हलवली.

मग संदेश यायला लागले. पहिलं ठाणं, रोहिणी विझली नाही. दुसरं, विझली नाही. तिसरं, चौथं, अगदी बाविसावं, विझली नाही. तौफिकच्या चित्रीकरणातही ती एकसारखी जळत होती. एकवीस लाल ओळी. सावली हुकली होती, अंदाज चुकला होता. असं होतं कधीकधी. तिनं स्वतःची समजूत घातली आणि तेवढ्यात सरांचा फोन आला. आवाज शांत होता.

"अकरावं ठाणं. चार पूर्णांक सहा सेकंद. लिहून घे."

तौफिकला सरांबद्दल आदर होता, म्हणून तो हळूच बोलला. सरांचं वय झालंय ताई, म्हणाला, बाविसांत एकालाच दिसलं म्हणजे केंद्रवाले विचारणार, सरांना खुलासे द्यायला लावणार. त्यापेक्षा त्यांच्याही नावापुढे 'दिसलं नाही' टाकू, कुणाला कळणार आहे. अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाठवायचा होता. ती उद्या बघू म्हणाली आणि घरी गेली.

घरी तिला ना जेवण गेलं ना झोप लागली. ज्या माणसानं तिला लाल ओळ शिकवली त्यानं खोटी निळी ओळ दिली होती, आणि ते फक्त तिला माहीत होतं. पाठवावी तर सरांची चारचौघांत शोभा. खोडावी तर सरांचाच नियम तिच्या हातून मोडणार. पण या सगळ्यापेक्षा तिला दुसरंच काहीतरी टोचत होतं. सरांना अंदाज ठाऊक होता, तिनंच तो सांगितला होता. ज्याला खोटंच लिहायचंय तो माणूस सात लिहील. चार पूर्णांक सहा कशाला लिहील?

पाचच्या ठोक्याला तिनं स्कूटर काढली. निरभ्र कालपासून पर्समध्येच पडून होता.

सर पहाटे गच्चीवर बसतात हे तिला शाळेपासून माहीत होतं. काकूंनी दार उघडलं, एवढ्या पहाटे का आलीस असं विचारलंही नाही, आणि चहाचं आधण वाढवलं. सर गच्चीवर लोखंडी खुर्चीत होते. तिच्या पायांचा आवाज त्यांनी ओळखला.

"तू मला नारळ द्यायला आलीस," ते म्हणाले.

वृषाली बसली नाही. कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोन येरझाऱ्या घातल्या आणि मग एका दमात बोलून मोकळी झाली. गच्चीवरच्या तालमीत तिनं त्यांचा ठिपका बघितला होता. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हती. फक्त त्यांनी ती एक नोंद मागे घ्यावी.

सरांनी चेहरा तिच्या आवाजाकडे वळवला. मग त्यांनी सांगितलं, की काचबिंदू आहे, सहा वर्षं झाली. आधी कडेचं गेलं, मग मधलं. आता खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीबाहेरचं नाही. सांगितलं असतं तर मंडळीनं शाल घालून, सत्कार करून घरी बसवलं असतं, आणि घरी बसून त्यांनी काय केलं असतं?

"मग सर, चार पूर्णांक सहा कुणी मोजले?"

सरांनी मान खाली घातली. जिन्यातून काकू चहाचा ट्रे घेऊन वर येत होत्या. त्यांनी तो कठड्यावर ठेवला.

"मी यांचं मनगट धरून बसते," काकू म्हणाल्या. "गेली की दाबते. आली की सोडते. ते बोलणारं घड्याळ हे दाबतात. मला ते बारकं बटण गवसत न्हाई."

काकूंनी तिच्या हातात कप दिला आणि त्या आपल्या चालीनं सांगत राहिल्या. सहा वर्षांपूर्वी एके संध्याकाळी ह्यांनी विचारलं, बघ गं, मृगातली ती तांबडी चांदणी आज केवढी दिसते. मग रोजच विचारू लागले. काकूंना आकडे येत नव्हते, म्हणून त्यांनी आपल्यापुरती सोय केली होती. ही चांदणी तिच्यापेक्षा थोरली जाऊ, हिच्यापेक्षा धाकटी जाऊ, आज दोघी सारख्याच. सर त्याचे आकडे करून वहीत लिहीत. ज्या नोंदींसाठी केंद्रानं गेल्या वर्षी मंडळीला शाबासकीचं पत्र पाठवलं होतं, आणि जे वृषालीनं चौकट करून कार्यालयात लावलं होतं, त्या सगळ्या नोंदी थोरल्या-धाकट्या जावांच्या होत्या.

"कालचं सांगा काकू," वृषाली म्हणाली. "खरंच गेली का हो रोहिणी?"

"गेली की. पण फू करून दिवा मालवावा तशी न्हाई गेली. कंदिलाची वात खाली करत आणावी तशी गेली, आणि तशीच वर आली."

सरांनी एकदम मान वर केली.

"हे तू मला काल सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं का? तुम्ही गेली का आली का, एवढंच विचारता."

वृषालीनं कप कठड्यावर ठेवला. बाकीचे तारे इतके दूर असतात की धोंडा समोर आला की ते फटकन विझतात. रोहिणी मात्र सूर्याच्या चाळीसपट थोराड आणि तारे जसे असतात त्या मानानं बरीच जवळ. तिच्या तबकडीवरून सरकत जायला धोंड्याला वेळ लागतो, म्हणून ती विझत नाही, मावळत जाते. हे केंद्राच्या पत्रकात शेवटच्या पानावर होतं आणि ते पान वृषालीनं मंडळीला मुद्दाम दिलं नव्हतं, आधी ऐकायचं नाही म्हणून. काकूंना ते कुठून माहीत असणार? ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सांगता येण्यासारखंच नव्हतं.

मग एकवीस माणसांचं काय? डोळ्यांत तेल घालून बसलेली एकवीस माणसं खोटं का सांगतील?

ती पुन्हा येरझाऱ्या घालू लागली आणि टाकीपाशी थांबली. एकवीस माणसांत आणि काकूंत फरक एकच होता. तिनं पर्समधून निरभ्र काढला आणि डोळ्यांवर चढवला. पूर्वेला फटफटायला लागलं होतं, तरी दक्षिणेला ज्येष्ठा तांबूस दिसत होती. तिनं काकूंना काहीतरी मोठं, आडवं धरता येईल असं मागितलं. काकूंनी गच्चीवर वाळवणाखाली पालथी घातलेली पितळी परात उचलली आणि तिच्या सांगण्यावरून तिच्या आणि ताऱ्याच्या मधे धरली.

परात आली. ज्येष्ठा गेली नाही. ती पितळेवर, परातीच्या बरोबर मध्यावर, तशीच लुकलुकत राहिली. वृषालीनं चष्मा वर केला, समोर नुसती परात. चष्मा खाली केला, परातीवर तारा. तिनं काकूंना परात बाजूला करून पुन्हा धरायला लावली आणि मोठ्यानं आकडे म्हणायला सुरुवात केली. दहा म्हणाली आणि तारा विझला.

तिनं तिथूनच फोन करून तौफिकला उठवलं. त्यानं झोपेतच चष्म्याची सेटिंग उघडली, खाली खाली जात राहिला, आणि शेवटी त्याला ते सापडलं. क्षणिक अडथळे पुसणे, मर्यादा दहा सेकंद. दहा सेकंदांच्या आत जे बदललं आणि पूर्ववत झालं, ते घडलंच नाही असं धरायचं. फोनच्या कॅमेऱ्यातही तेच होतं. काल संध्याकाळी एकवीस डोळ्यांच्या जोड्यांसमोर रोहिणी मावळली होती आणि एकवीस चष्म्यांनी ती यादीतून पेटवून ठेवली होती.

"ताई," तौफिक म्हणाला, "मग दोन वर्षं आपण लोकांना दाखवलं तरी काय?"

"यादी," वृषाली म्हणाली.

तो दोष तौफिकचा नव्हता, आणि कंपनीचाही नव्हता. कंपनीनं समोरच्याचं डोकं पुसतो हे आधीच सांगितलं होतं. ते ऐकून सगळ्यात खूश वृषालीच झाली होती, कारण गर्दीत कुणाचं कुणाशी भांडण होणार नव्हतं. आणि ती स्वतः? चाळीस वर्षांतून एकदा येणारी ती संध्याकाळ, आकाश तिच्या डोक्यावर मोकळं, आणि ती ठिपक्यांची शिस्त बघत बसली होती. आणखी एक लग्न तिनं भटारखान्यातून पाहिलं होतं. ती काकूंच्या शेजारी गच्चीच्या फरशीवरच बसली आणि रडली, आणि काकूंनी तिला रडू दिलं.

मग दुपारी बाराच्या आत कागद पुरे करायचे होते. सरांनी नोंदवही आणि दोन्ही पेनं मागवली. अकराव्या ठाण्याच्या ओळीवर वृषालीनं त्यांचं बोट ठेवलं. त्यांनी स्वतःच्या नावापुढे लाल शाईनं, चाचपडत, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, दिसलं नाही. सहा वर्षांत त्यांनी लिहिलेली ही पहिलीच खरी नोंद, असं म्हणून ते हसले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

एकवीस ठाण्यांपुढे काय लिहावं, याला केंद्राच्या तक्त्यात रकानाच नव्हता. दिसलं नाही म्हणावं तर खोटं, दिसलं म्हणावं तर त्याहून खोटं. वृषालीनं तक्ता सोडून सरळ पत्र लिहिलं, की आमची एकवीस माणसं प्रामाणिक आहेत, पण त्यांच्यात आणि आकाशात आम्हीच एक गोष्ट ठेवली होती, त्यामुळे त्यांना काय दिसलं असतं ते आम्हाला माहीत नाही. ही चूक व्यवस्थापकाची, म्हणजे माझी. त्याखाली, नोंदींच्या हिशेबाबाहेर, स्वतःची ओळ लिहिली. वृषाली बारबोले, दहावं ठाणं, बघत नव्हते.

तेविसावी नोंद निळी होती. काकूंनी आढेवेढे घेतले. माझं नाव कशाला, मला धड चांदण्यांची नावं येत न्हाईत, म्हणाल्या. निरीक्षणाचा अनुभव किती वर्षं, असा तक्त्यात प्रश्न होता. सर म्हणाले, सहा. आणि मग, जरा थांबून, मागच्या सगळ्या वह्या काढ, म्हणाले, सगळीकडे नाव बदलायचंय. वृषाली बावीस माणसांची व्यवस्था केल्याच्या ऐटीत होती. बावीस जागा, बावीस घड्याळं, बावीस डबे. तेविसावं माणूस आपला डबा घरून घेऊन आलं होतं आणि तिनं ते कधी मोजलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

आठवड्यानं केंद्राचं उत्तर आलं. अफजलपूरजवळच्या एका हौशी माणसानं जुन्यापान्या टेपच्या कॅमेऱ्यानं तेच पिधान टिपलं होतं, तीन पूर्णांक एक सेकंद. सावली अंदाजापेक्षा दक्षिणेला सरकली होती आणि शारदा मठपतींचा काप त्याच्या शेजारी नेमका बसत होता. दोन कापांवरून पाव काही उभा राहत नाही, पण त्याची कड कळते, असं पत्रात लिहिलं होतं.

मंडळीच्या पुढच्या शनिवारी माळाच्या तोंडाशी तिनं एक टोपली ठेवली आणि चष्मे त्यात चपलांसारखे काढून ठेवायला सांगितलं. कारण तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. तीनशे माणसं आली होती. त्यांनी उघड्या डोळ्यांनी वर पाहिलं, तर करड्या आकाशात कशाबशा चाळीस-पन्नास चांदण्या आणि त्यांच्यातून पळणारे उपग्रह. एवढ्यासाठी यायचं का, असं कुणीतरी म्हणालं. टोपलीतून चष्मे परत उचलले जाऊ लागले आणि गाड्या सुरू झाल्याचे आवाज येत राहिले. वृषाली या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती, कुणाला थांबवत होती, कुणाला चहा देत होती. थांबले ते एकसष्ट. तिनं दोनदा मोजले, आणि दुसऱ्या वेळी काकूंना धरून बासष्ट झाले.

मधे दोन खुर्च्या होत्या. समोर सतरंजीवर बसलेल्या एका बाईनं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "सर, आज रोहिणी कशी आहे?"

तौफिकनं वृषालीकडे पाहिलं. ती सरांच्या बाजूला निघाली होती, मधे पडायला, काहीतरी सावरून घ्यायला. काकूंनी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

"मला दिसत नाही," सर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "सहा वर्षं झाली. हिला विचारा."

एकसष्ट माणसं काकूंकडे बघत होती आणि काकू वर बघत होत्या. वृषालीचा पाय सवयीनं हलत होता. चहा उतू जाईल, कुणी उठून जाईल, सरांना काय वाटत असेल, शंभर गोष्टी तिच्या डोक्यात धावत होत्या. मनगटावरचा हात सैल झाला नाही. मग तिनंही मान वर केली. त्या करड्या आकाशात पश्चिमेकडे कललेला तांबडा ठिपका शोधायला तिला बराच वेळ लागला, कारण इतकी वर्षं तिनं तो दुसऱ्यांना दाखवायचीच व्यवस्था केली होती.

"हाय," काकू म्हणाल्या. "जागेवर हाय."